चार वॅट, साठ फूट

गेल्या शनिवारी माळा आवरायला काढला होता. दोन मेलेले मोडेम, कुठल्याच फोनला न लागणारे सात चार्जर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी धातूची डबी. समोर दोन काटे, मधे एक खटका, मागे दोन जाडजूड सॉकेट. बायको म्हणाली, "हे काय आहे? भंगारात टाकू का?" मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की तीच दचकली.

ती डबी म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर. ती माझ्याकडे कशी आली ते सांगायचं म्हणजे अमेरिकेतल्या सीबी रेडिओचा आणि त्यातही घराच्या छपरावर लावायच्या अँटेनाचा इतिहास सांगावा लागेल. सांगतोच. शनिवार आहे, चहा घ्या आणि बसा.

२००६ मध्ये मी ऑनसाईट होतो, ओहायो राज्यात, डेटनजवळ. एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. आम्ही देशी मंडळी आपसात त्यांना 'आजोबा' म्हणायचो. आजोबांच्या तळघरात एक रेडिओ होता आणि छपरावर एक ॲल्युमिनियमची उंच काठी, जिच्या बुडाशी चार आडव्या काड्या फुटलेल्या होत्या. मला आधी वाटलं, टीव्हीची अँटेना. माझ्या पिढीचा अँटेनाशी संबंध तेवढाच. बाबा गच्चीवर, आई खिडकीत, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, मुंग्या!" "आता?" "आता दोन-दोन माणसं दिसतायत!"

त्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने आजोबांची एक आडवी काडी वाकली आणि बुडाचा जोड सैल झाला. एप्रिलमध्ये एक दिवस जिन्यात गाठून ते म्हणाले, "तू इंजिनियर आहेस ना? शनिवारी मदतीला ये. जुनी उतरवायची आहे, नवी चढवायची आहे." मी सॉफ्टवेअरवाला आहे, जावात कोड लिहितो, हे सांगून बघितलं. त्यांना फरक पडला नाही. त्यांच्या मते इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

शनिवारच्या आधी जरा अभ्यास केला, म्हणून आधी तो भाग.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या फ्रीक्वेन्सी. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, ही कल्पना मांडली. परीक्षा नाही, मोर्सची टकटक नाही, कुणीही साधा माणूस दुकान, शेत किंवा घर यांच्यात बोलू शकेल असा रेडिओ. अल ग्रॉस नावाच्या हुन्नरी माणसाने १९४८ मध्ये त्यासाठी मान्यता मिळालेला पहिला संच केला. (डिक ट्रेसीच्या कॉमिकमधला मनगटी रेडिओ याच ग्रॉसच्या कल्पनेवरून आला.) पण हे सगळं ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास होतं आणि त्या काळात तिथलं यंत्र स्वस्तात बनवणं अवघड होतं. घोडं तिथेच अडलं.

१९५८ मध्ये एफसीसीने २७ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओवाल्यांकडून काढून घेतला आणि सीबीला दिला. २३ चॅनल. इथे मला पहिल्यांदा हसू आलं. हा पट्टा म्हणजे भलताच कचरापेटीतला माल. २७.१२ मेगाहर्ट्झवर दवाखान्यातली शेक द्यायची यंत्रं आणि प्लास्टिक जोडायची यंत्रं चालतात, ती नेमकी सीबीच्या मधोमध येतात. शिवाय सूर्यावर डाग वाढले की या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि हजारो किलोमीटरवर उतरतात. एफसीसीला हवी होती गावापुरती जवळची सेवा. आणि ती सुरू केली कधी, तर १९५८ मध्ये, सौर डागांच्या नोंदवलेल्या सगळ्यात जोरदार चक्राच्या शिखरावर. शेजारच्या गावाशी बोलायला जावं तर तिसऱ्याच राज्यातला माणूस कानात ओरडतोय. यावर एफसीसीचा उपाय काय? दीडशे मैलांपलीकडे बोलायला बंदी. सूर्याला कुणी कळवलं नसावं. :-) हा अंतराचा नियम शेवटी २०१७ मध्ये काढला.

पंधरा वर्षं हे सगळं निवांत चाललं. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. डिझेल महागलं, मिळेनासं झालं आणि जानेवारी १९७४ मध्ये निक्सनने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. मैलांवर पोट असणाऱ्या ट्रकवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला. कुठल्या पंपावर डिझेल आहे, कुठल्या पुलाखाली पोलीस दबा धरून बसलाय, हे एकमेकांना सांगायला सीबी हाताशी होता. त्यांनी संप केले, रस्ते अडवले आणि या सगळ्या बातम्यांतून बाकीच्या अमेरिकेला कळलं की ट्रकवाल्यांकडे काहीतरी भारी खेळणं आहे. १९७५ मध्ये सी. डब्ल्यू. मॅकॉलचं 'कॉन्व्हॉय' गाणं आलं, १९७७ मध्ये 'स्मोकी अँड द बँडिट' सिनेमा. लायसन्सची फी २० डॉलरवरून ४ डॉलरवर आली आणि लोक तुटून पडले. राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड सीबीवर 'फर्स्ट मामा' नावाने बोलत असे. टोपणनावाने अनोळखी माणसांशी गप्पा, प्रत्येक चॅनलची वेगळी गँग, भांडणं, प्रेमप्रकरणं. याहू चॅटवर ज्यांनी कॉलेजची वर्षं घालवली त्यांना हे समजावून सांगायला नको. १ जानेवारी १९७७ पासून २३ चे ४० चॅनल झाले आणि दुकानदारांकडे २३ चॅनलच्या रेडिओंचे ढीग पडून राहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. सीबीमध्ये ताकदीवर मर्यादा आहे. सुरुवातीला ५ वॅट इनपुट, नंतर ४ वॅट आउटपुट. चार वॅट म्हणजे रात्री झोपताना लावायचा झिरोचा बल्बसुद्धा त्याहून जास्त खातो. गरीब-श्रीमंत, ट्रकवाला, डॉक्टर, सगळ्यांना तेवढेच चार वॅट. मग ज्याला शेजाऱ्यापेक्षा लांब पोचायचं आहे त्याने काय करायचं? एकच गोष्ट हातात उरते. अँटेना, आणि तिची उंची.

आधी लांबी. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. अँटेना तिच्या ठराविक हिश्श्याची असली की चांगली चालते. पाव हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. अर्धा म्हणजे साडेपाच मीटर. पाच-अष्टमांश म्हणजे जवळजवळ सात मीटर, दोन मजल्यांहून उंच काठी. मोबाईलची अँटेना फोनच्या पोटात मावते कारण तिथली लहर वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त. इथे लहरच घराएवढी, त्यामुळे अँटेना दिसणारच, शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येणारच.

पाव हिश्श्याची काठी एकटी चालत नाही, तिला खाली जमीन लागते. गाडीवर लावली तर गाडीचा पत्रा ते काम करतो. छपरावर पत्रा नाही, म्हणून बुडाशी आडव्या काड्या लावून खोटी जमीन करायची. याला ग्राऊंड प्लेन म्हणतात. ही युक्ती १९३० च्या दशकात आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राऊनने काढली. ब्राऊनने पुढे सांगितलेला किस्सा मला फार आवडतो. त्याच्या मते दोन काड्या पुरेशा होत्या, पण विक्री विभाग म्हणाला, दोनच काड्या बघून गिऱ्हाईकाला वाटेल की हिचा आवाज दोनच दिशांना जातो. म्हणून चार लावल्या. जगभर आजही चार लावतात. सेल्सने मागितलेलं फीचर नंतर कुणाला काढता येत नाही, हे आपल्याच धंद्यात होतं असं नाही.

त्या काड्या सरळ आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा विरोध सुमारे ३६ ओहम भरतो. छत्रीच्या काड्यांसारख्या ४५ अंशांत खाली झुकवल्या तर तो ५० च्या जवळ येतो, आणि रेडिओ व केबल दोन्ही ५० ओहमचे. जुळलं. जुळलं नाही तर काय होतं ते सांगायला ती काळी डबी. पाठवलेल्यातली काही ऊर्जा अँटेनाकडून परत फिरते. जाणारी आणि परतणारी लहर यांचा मेळ बघून मीटर एक गुणोत्तर सांगतो. १.५ आलं तर ४ टक्के परत येतेय, २ आलं तर ११ टक्के, ३ आलं तर तब्बल २५ टक्के. तीनच्या वर बोलत बसलात तर रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर गरम होऊन राम म्हणू शकतो.

मोजायचं कसं, तर चॅनल १, २० आणि ४० वर. एकवर कमी आणि चाळीसवर जास्त आलं तर अँटेना लांब आहे, थोडी आखूड करा. उलटं आलं तर आखूड आहे. इतकं सोपं डिबगिंग मी आयुष्यात केलेलं नाही. पण या आकड्याचा नाद वाईट. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना नव्हे. अँटेनाच्या जागी नुसता ५० ओहमचा रोधक लावा, मीटर १.० असा आदर्श आकडा दाखवेल आणि आवाज घराबाहेरही जाणार नाही. सगळे टेस्ट पास आणि प्रोग्रॅम काहीच करत नाही, असा प्रकार. लांब पातळ केबलही अशीच फसवते. शंभर फूट पातळ केबलमध्ये तिसरा हिस्सा ताकद वाटेतच जिरते, परत येणारी लहरही जिरते, आणि खाली मीटर खूश.

आता उंची. २७ मेगाहर्ट्झची रोजची बोलणी साधारण क्षितिजापर्यंत चालतात. वीस फुटांवर अँटेना असेल तर रेडिओचं क्षितिज १० किलोमीटरवर, साठ फुटांवर असेल तर साडेसतरा. याउलट, बेकायदा अँप्लिफायर लावून चार वॅटचे शंभर केले तर समोरच्याच्या रेडिओवरचा काटा दोन-अडीच घरं पुढे सरकतो, बस. शिवाय शेजाऱ्याच्या टीव्हीत तुम्ही घुसता. २७ ची दुप्पट ५४, आणि अमेरिकेत जुन्या टीव्हीचा चॅनल २ बरोबर ५४ पासून सुरू व्हायचा. मालिकेतल्या नायिकेच्या तोंडून एखाद्या ट्रकवाल्याचा आवाज यायचा.

म्हणून शहाणा माणूस ताकदीमागे न लागता उंचीमागे लागे. नियमाने अँटेनाचं टोक जमिनीपासून साठ फुटांपर्यंत नेता येत होतं, किंवा ज्या इमारतीवर लावली तिच्याहून वीस फूट वर. लोक टीव्हीचा सरकता खांब आणायचे, एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा, त्याच्या टोकाला अठरा-वीस फुटांची काठी बसवायचे आणि घरचे दोघे-तिघे मिळून झेंड्यासारखी उभी करायचे. रविवारी सकाळी, परसात.

अमेरिकेतल्या जुन्या उपनगरांत घराच्या मागच्या हद्दीवरून लाकडी खांबांची रांग जाते. सगळ्यात वरची तार बारीक, निरुपद्रवी दिसणारी, आणि ती बहुधा उघडी असते. काळी पडलेली असते म्हणून लोकांना वाटतं वर रबर आहे. तिच्यात बऱ्याच ठिकाणी ७,२०० व्होल्ट असतात. चाळीस-पन्नास फुटांचा ॲल्युमिनियमचा खांब उभा करताना वाऱ्याने कलला की त्याचं टोक खूप लांब जातं, आणि त्या वजनाला सावरणं माणसाच्या मनगटाच्या आवाक्यातलं नसतं. खांब तारेला टेकतो. तो धरून दोघे-तिघे उभे असतात, ओल्या हिरवळीवर. त्यामुळे एका अपघातात बरेचदा एकाहून जास्त माणसं जायची, आणि ती एकाच घरची असायची.

सीबीची लाट जशी चढली तसे हे मृत्यू वाढले. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी वेगळा आयोग आहे, त्याच्याकडे तक्रारी पोचल्या. त्याने पहिलं पाऊल उचललं ते सप्टेंबर १९७८ पासून. सीबी आणि टीव्हीच्या अँटेनांवर व त्यांच्या खांबांवर धोक्याचं लेबल आणि सोबत सूचनापत्र सक्तीचं झालं. म्हणजे डॉक्युमेंटेशन! आपण सगळे हेच करतो. बग कळला, दुरुस्त करायला वेळ लागेल, तोवर यूजर मॅन्युअलमध्ये एक ओळ टाका. आणि यूजर मॅन्युअल कोण वाचतं?

लेबलने भागत नाही हे आयोगालाही पटलं असावं, कारण १९८२ मध्ये त्याने दुसरा नियम केला आणि तो मे १९८३ पासून लागू झाला. चारही दिशांना सारखं बोलणाऱ्या सीबी बेस अँटेनांना आता स्वतःच रोधक असावं लागणार होतं. १४,५०० व्होल्टच्या तारेला अँटेना टेकली तरी खाली खांब धरलेल्या माणसापर्यंत ५ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह पोचता कामा नये. हे आकडे सुंदर आहेत. १४,५०० म्हणजे गल्लीबोळातल्या बहुतेक सगळ्या तारा आल्या. आणि ५ मिलिअँपिअर म्हणजे सणसणीत झटका, पण अजून हात सोडवता येईल इतका. साधारण दहाच्या पुढे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. नियम लिहिणाऱ्याने खांब धरलेल्या माणसाची मूठ डोळ्यांसमोर ठेवली होती. माणूस चुकणारच हे गृहीत धरून लिहिलेला नियम आहे हा.

फक्त उशीर झाला. १९८३ पर्यंत लाट ओसरली होती. त्याच वर्षी एफसीसीने सीबीचं वैयक्तिक लायसन्सही रद्द केलं, कारण ते आता कुणी धड काढतही नव्हतं. ज्यांना अँटेना लावायची होती त्यांनी १९७५ ते ७८ मध्ये लावून टाकली होती. जुन्या, बिनलेबलच्या, उघड्या ॲल्युमिनियमच्या.

आजोबांची त्यातलीच होती.

शनिवारी सकाळी नवी अँटेना परसात पसरली होती. फायबरग्लासची, पांढरी, तीन तुकड्यांची, आत तार. आडव्या काड्या नाहीत, अर्ध्या लहरीची असल्याने त्यांच्यावाचून चालतं. बुडाशी लांबी जुळवायला दोन गोल कड्या. वर भडक लेबल, विजेच्या तारेचं चित्र असलेलं. मी उत्साहात होतो. जुनी छपरावरून उतरवून झाली होती, आणि नवी तिथेच बसवायची म्हणजे पुन्हा दोनदा शिडी चढणं आलं. मागच्या कुंपणापाशी एक रिकामा लोखंडी खांब गाडलेला होता. मी म्हणालो, "आजोबा, इथेच उभी करू की. खांब तयार आहे. दहा मिनिटांचं काम. उंचीही जास्त मिळेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वर बघितलं. मग मीही बघितलं. कुंपणापलीकडे वीस-बावीस फुटांवर ती बारीक काळी तार.

"हा खांब माझ्या भावाने गाडला होता," ते म्हणाले.

१९७६ मध्ये दोघा भावांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकसारख्या अँटेना घेतल्या. तेव्हा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा, म्हणजे माझ्या खोलीत. आजोबांची छपरावर लागली. भावाला त्याच्याहून उंच हवी होती. आजोबा ट्रक घेऊन इंडियानात होते. भाऊ आणि शेजारी, दोघांनी मिळून खांब उभा केला. भाऊ खांब धरून होता, शेजारी नायलॉनची ताणाची दोरी. शेजारी वाचला, एवढंच. आजोबा हे सगळं त्या लोखंडी खांबावरचं शेवाळ नखाने खरवडत सांगत होते, एखाद्या रस्त्याची माहिती द्यावी तसं. रात्री त्यांनी चॅनल १९ वर घरी हाक मारायचा प्रयत्न केला होता. ते ऐंशी मैलांवर होते, पोचणं शक्यच नव्हतं. पण तेव्हा आपण नेहमी हाक मारून बघायचो, असं म्हणाले.

मी विचारलं, मग खांब काढला का नाही? ते म्हणाले, तू पण काढला नसतास.

त्या दिवशी मी एक नियम शिकलो, जो कुठल्याही एसडब्ल्यूआरच्या आधी येतो. अँटेना आणि खांब मिळून जेवढी लांबी होते, तिच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट अंतरावर तार हवी. ती कुठल्याही बाजूला, कशीही आडवी पडली तरी पोचता कामा नये. आणि अँटेना फायबरग्लासची आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तिच्या खालचा खांब धातूचाच असतो, केबलची बाहेरची जाळीही धातूचीच. आजोबांनी खिशातून टेप काढून कुंपणापासून छपरावरच्या जागेपर्यंत मोजलं. तीस वर्षं तीच जागा होती, तरी मोजलं. मग आम्ही शिडी लावली.

खांबाला जाड तांब्याची तार बांधून खाली आठ फुटांच्या सळईशी जोडली, आणि ती सळई घराच्या मुख्य अर्थिंगशी. जोडांवर रबराची टेप गुंडाळली, कारण केबलमध्ये पाणी शिरलं की ती कामातून गेलीच समजा. तळघरात मीटर लावला. चॅनल १ वर १.६, विसावर १.४, चाळीसवर १.३. थोडी आखूड होती. आजोबा पुन्हा शिडीवर चढायला निघाले, मी त्यांना खाली बसवलं आणि स्वतः जाऊन कडी फिरवून आलो. मग तिन्हीकडे १.३ च्या आसपास. माझ्या कुठल्याही रिलीजला इतका आनंद झालेला नाही.

डेटनजवळ आय-७० आणि आय-७५ हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे चॅनल १९ वर कुणी ना कुणी असतंच. सूर्य त्या वर्षी थंड होता, लांबचा गोंगाट नव्हता. आजोबांनी माईक माझ्या हातात दिला. मी घाबरत रेडिओ चेक मागितला. माझ्या उच्चारांवर कुणीतरी खदखदून हसलं आणि म्हणालं, तू ऐकू येतोयस, पण तू नेमका आहेस तरी कुठला? मी पुणे म्हणालो. त्याला ते ओहायोतलंच एखादं गाव वाटलं असावं.

जाता जाता इथल्यांसाठी. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा ५ वॅटपर्यंत लायसन्समधून मोकळा केला, पण अट अशी की अँटेना संचातच बसवलेली हवी. म्हणजे छपरावरची काठी नेमकी वगळली. रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांखाली '२७ मेगाहर्ट्झ' लिहिलेलं असायचं, ते हेच शेजार. तेव्हा हे वाचून गच्चीवर खांब उभारायला निघाला असाल तर थांबा. त्यापेक्षा हौशी रेडिओची परीक्षा द्या, लायसन्स काढा, मग काय हवं ते लावा. तार बघून लावा.

मी परत येताना आजोबांनी तो मीटर दिला. त्यांच्याकडे दोन होते, अर्थात एकसारखे. जुनी ॲल्युमिनियमची अँटेना त्यांनी करवतीने चार-चार फुटांचे तुकडे करून मग भंगारात दिली. मी म्हणालो, अख्खी दिली असती तर कुणीतरी वापरली असती.

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि पुढचा तुकडा शिकंजात धरला.